भावी अण्णा भारतात दिसत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पत्रव्यवहारात कोथरूडच्या एका वाचकांचं पत्र होतं, की इंटरनेटवर कोणीही उठतो आणि काहीही टाकतो, सरकारने जरा लगाम आवळला तर बिघडलं कुठं, ज्याने वावगं काही केलं नाही त्याला घाबरायचं कारण काय. पत्र सभ्य होतं, उगाच आरडाओरडा नव्हता, म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी कर्वेनगरात राहते आणि 'लिफ्ट बंद आहे' नावाचं मराठी वेबकॉमिक काढते. एक जुनी सोसायटी, चार मजले, लिफ्ट कायमची बंद, चेअरमन नावाचं मांजर आणि जिन्यात दम खात उभी राहिलेली माणसं, एवढंच. दर मंगळवारी एक स्ट्रिप. वाचणारे बरेचसे पुण्यातलेच, काही बाहेर गेलेले, आणि कितीतरी काका-काकूंना ती फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड होऊन मिळते, ही कोणीतरी बसून काढते हेही त्यांना माहीत नसतं. सध्या मंगळवार रिकामे का जातायत असं बरेच जण विचारतायत, त्यांनाही उत्तर यातच देते.

तर झालं असं की जिन्यात एक नवीन पात्र आलं, भावी अण्णा. पुणेकरांना वेगळं समजावायला नको. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, मग वर्षानुवर्षं प्रशासकच, आणि निवडणूक काही होईना पण 'भावी नगरसेवक' लिहिलेले वाढदिवसाचे फ्लेक्स चौकाचौकात लागतच राहिले. माझे अण्णा भावी असता असताच म्हातारे होतात, फ्लेक्सवरचा फोटो मात्र तोच, काळ्या केसांचा, गॉगलवाला. ज्या स्ट्रिपवरून हे सगळं झालं तिच्यात रस्त्यातल्या खड्ड्यावर अण्णांचा फ्लेक्स अंथरलाय, कुलकर्णी काकूंची स्कूटी त्यावरून जाते आणि बरोबर अण्णांच्या तोंडात रुतते. काकू म्हणतात, "चला, साहेबांनी शेवटी खड्ड्यात जातीने लक्ष घातलं." बास. कुठल्या पक्षाचा रंग नाही, चिन्ह नाही, आडनाव नाही. (काकूंनी हेल्मेट का नाही घातलं यावरून मात्र मला भरपूर ऐकून घ्यावं लागलं, पण ते चालायचंच.)

थोड्या दिवसांनी एका सकाळी मेल आला, ज्या प्लॅटफॉर्मवर मी टाकते त्यांचा. कायदेशीर मागणी आल्यामुळे तुमची ही पोस्ट भारतात दाखवली जाणार नाही. मागणी कोणाची, कुठल्या कलमाखाली, आक्षेप चित्रावर की फुग्यातल्या वाक्यावर, काही नाही. मी विचारलं तर मशीनने लिहिलेलं उत्तर आलं, पुन्हा विचारलं तर तेच उत्तर पुन्हा आलं. माझा मावसभाऊ स्टुटगार्टला असतो, त्याला स्ट्रिप व्यवस्थित दिसते. म्हणजे कर्वेनगरातल्या खड्ड्यावरचा मराठी जोक जर्मनीत चालतो आणि कर्वेनगरात चालत नाही. मागणी पोलिसांची असेल, एखाद्या खात्याची असेल, किंवा कोणी वकिलाकरवी पाठवलेलं पत्रही असेल, म्हणून मी कोणावरच आरोप करत नाहीये, आरोप करायला पण समोर कोणीतरी लागतं ना.

आता कोथरूडच्या काकांचा मुद्दा. (काका असतील असं धरलंय, पत्राच्या सुरावरून.) इंटरनेटचा कायदा म्हटलं की आपल्याला आयटी कायद्यातलं कलम ६६ अ आठवतं, ऑनलाइन 'आक्षेपार्ह' काही टाकलं म्हणून अटक करता येणारं. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, एकीने लिहिलं आणि दुसरीने नुसतं लाइक केलं. त्याच वर्षी असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली, त्याची साइट त्याआधीच बंद केली होती. मार्च २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६६ अ रद्द केलं आणि आपण सगळे सुटलो असं समजून कामाला लागलो. पण त्याच निकालात कलम ६९ अ, म्हणजे साइट किंवा पोस्ट ब्लॉक करायचं कलम, कोर्टाने कायम ठेवलं होतं, आणि ते का ठेवलं हे वाचण्यासारखं आहे. कोर्टाचं म्हणणं असं की इथे कारणं लेखी द्यावी लागतात, समिती बसते, मजकूर ज्याचा आहे त्याचं म्हणणं ऐकायची सोय आहे, म्हणून हे कलम चालेल. वाचून बरं वाटतं. मग ब्लॉक कसं करायचं याचे २००९ चे नियम उघडले की नोटीस त्या व्यक्तीला किंवा कंपनीला द्यावी असं लिहिलंय, कंपनीला दिली की काम झालं, आणि नियम १६ म्हणतो की तक्रार आणि कारवाई सगळं गोपनीय. म्हणजे ज्या अटींवर कलम टिकलं त्या अटी माझ्यापर्यंत पोचतच नाहीत.

आणि हे काही माझ्या एकटीच्या खड्ड्यापुरतं नाही. एका पत्रकाराने २०११ मध्ये हुंड्याची टर उडवणारी साइट काढली होती, मुलाचं शिक्षण, नोकरी, रंग वगैरे भरायचं आणि 'रेट' निघायचा. कोणाला ती खरीच वाटली, २०१८ मध्ये साइट ब्लॉक. त्याने आदेश मागितला तर गोपनीय. शेवटी मे २०२२ मध्ये दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की याला आदेशाची प्रत द्या आणि याचं ऐकून घ्या. स्वतः लिहिलेल्या विनोदावर काय आक्षेप आहे एवढं कळायला हायकोर्ट! मला सांगा, दर मंगळवारी स्ट्रिप काढून महिन्याचं वीजबिल आणि ॲपचं सबस्क्रिप्शन जेमतेम सुटतं, मी कुठल्या हायकोर्टात जाऊ?

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'विकटन' या तमिळ प्रकाशनाचं झालं ते तर अख्ख्या देशाने पाहिलं. जवळजवळ शंभर वर्षांचं नाव, त्यांच्या ऑनलाइन मासिकात ट्रम्पशेजारी बेड्या घातलेले पंतप्रधान असं एक व्यंगचित्र आलं आणि चित्र राहिलं बाजूला, पूर्ण वेबसाइटच बंद. मार्चमध्ये मद्रास हायकोर्टाने सांगितलं की तूर्त ते चित्र काढा आणि साइट चालू करा. चित्र आवडलं नाही तर ठीक आहे, मलाही सगळ्यांची सगळी आवडत नाहीत. पण एका चित्रासाठी सगळे अंक, बातम्या, पाककृतीसुद्धा गायब?

६९ अ मध्ये निदान समिती तरी आहे. दुसरा रस्ता त्याच कायद्यातल्या कलम ७९ चा, तो आणखी सोपा. कंपनीला कळवायचं की हा मजकूर बेकायदा आहे, तिने काढला नाही तर तिचं कायदेशीर संरक्षण जाऊ शकतं. २०२१ च्या आयटी नियमांत त्यासाठी ३६ तास दिले होते. हे कळवण्यासाठी 'सहयोग' नावाचं सरकारी पोर्टल निघालं, एक्स (आधीचं ट्विटर) कंपनी त्याविरुद्ध कर्नाटक हायकोर्टात गेली, सप्टेंबर २०२५ मध्ये याचिका फेटाळली गेली. त्यानंतर नियम थोडे सुधारले, वरिष्ठ अधिकाऱ्यानेच कळवायचं, कायदेशीर आधार आणि कारण लिहायचं. चांगलंच झालं, पण ते कारणही कंपनीला कळतं, मला नाही. कंपनीचा हिशोब सरळ आहे, एका बाजूला कोर्टकचेरी, दुसऱ्या बाजूला मराठी कॉमिकचा एक मंगळवार. मी त्यांच्या जागी असते तर मीही अण्णांनाच उडवलं असतं.

काकांची एक गोष्ट मात्र पूर्ण मान्य. डीपफेक, खोट्या लोन ॲप्स, बायकांचे मॉर्फ केलेले फोटो, हे तासाभरात खाली यायला हवं. मी बाई आहे आणि इंटरनेटवर चित्रं टाकते, इनबॉक्समध्ये काय काय येतं ते इथे छापता येणार नाही. अशा वेळी फोटो आधी काढा, चौकशी मग करा, माझी ना नाही. पण व्यंगचित्र म्हणजे फ्रॉड नव्हे, आणि खरं-खोटं कोणी ठरवायचं हा घोळ आपण एकदा घालून पाहिलाय. २०२३ मध्ये केंद्राने नियम केला की सरकारी कामकाजाबद्दलचं काय खोटं ते सरकारचंच फॅक्ट चेक युनिट ठरवेल. कॉमेडियन कुणाल कामरा मुंबई हायकोर्टात गेला, दोन न्यायाधीशांचं दोन दिशांना मत पडलं, मग तिसऱ्यांकडे गेलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम रद्द झाला. माझ्या स्ट्रिपचं फॅक्ट चेक कसं असेल याचा मी बराच विचार केला होता: सदर सोसायटीचा चेअरमन मांजर असल्याचा दावा दिशाभूल करणारा आहे.

बरं, लोकमान्यांचं नाव घ्यायची माझी लायकी नाही, पण पुण्यात राहून राहवत नाही. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात इंग्रज सरकारने त्यांना सहा वर्षांची शिक्षा दिली, अन्यायच होता. तरी आरोप कुठल्या लेखांवर ते सांगितलं, समोर न्यायमूर्ती बसले, आणि टिळक स्वतःच्या बचावात एकवीस तासांहून जास्त बोलले. मला एकवीस सेकंद नकोत, एक कागद हवाय. आणि तुमच्याच पेपरचं घ्या. अंकाच्या शेवटी खाली बारीक टायपात मुद्रक, प्रकाशक, संपादक अशी ओळ असते, १८६७ च्या कायद्याने सुरू झालेली. छापणाऱ्याने नाव लपवायचं नाही हे सरकारने दीडशे वर्षांपूर्वी ठरवलं, ते बरोबरच होतं. मग छापलेलं काढायला लावणाऱ्याचं नाव, निदान त्याचा हुद्दा, गोपनीय कशासाठी? २००९ च्या नियमांवरची एक याचिका सुप्रीम कोर्टात आहे, मार्च २०२५ मध्ये केंद्राला नोटीस निघाली, मजकूर टाकणारा ओळखता येत असेल तर त्यालाही नोटीस मिळावी अशी ती मागणी. मला यापेक्षा जास्त काही नको आहे. कारण कळलं तर मी भांडेन किंवा पटलं तर गप बसेन, दोन्ही मला येतं.

कारण कळत नाही तेव्हा काय होतं ते सांगते, कारण 'घाबरायचं कशाला' याचं उत्तर तिथे आहे. मेलनंतरच्या आठवड्यात मी पुढची स्ट्रिप काढायला बसले. नक्की कशावर आक्षेप होता माहीत नाही म्हणून अण्णांचा गॉगल काढला. मग वाटलं मिशी कोणासारखी तरी दिसतेय, मिशी काढली. फ्लेक्सचा रंग राखाडी केला. मग नमस्काराचे हात संशयास्पद वाटायला लागले. रात्री दोन वाजता आयपॅडवर एक राखाडी चौकोन होता आणि शेजारी मांजर. त्या मंगळवारी काही टाकलं नाही आणि त्यानंतरही जमलं नाही. अटक नाही, दंड नाही, कोणी दमसुद्धा दिला नाही, आणि काम आपोआप झालं. माझ्याबरोबर सुरुवात केलेली दोन-तीन जणं आता फक्त मिसळ, पाऊस आणि मांजरं काढतात, फॉलोअर्सही जास्त आहेत त्यांचे, त्यांना मी दोष देत नाही.

आता अपडेट. पुढच्या महिन्यापासून मंगळवार परत सुरू. स्वतःची छोटी वेबसाइट केलीये, शिवाय ज्यांना हवं त्यांना स्ट्रिप थेट मेलवर येईल. साइट ब्लॉक होऊ शकते हे 'विकटन'ने शिकवलंच, म्हणून नारायण पेठेतल्या एका प्रेसमधून जुन्या स्ट्रिप्सची काळी-पांढरी पुस्तिकाही काढतेय, खड्ड्याची स्ट्रिप तिच्यात पहिल्याच पानावर आहे, अण्णांच्या गॉगल आणि मिशीसकट. पुस्तिकेवर माझं आणि छापणाऱ्याचं नाव असेल. आदेशाची प्रत मिळावी म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज केलाय, गोपनीय म्हणून परत आला तर अपील करणार. कोथरूडच्या काकांना पुस्तिका माझ्याकडून भेट, त्यांचा पत्ता मला देऊ नका, मीच तुमच्या ऑफिसात आणून ठेवते, तुम्ही पोचवा.

आपली,
'लिफ्ट बंद आहे'वाली
कर्वेनगर, पुणे
(नाव, पत्ता, फोन वेगळ्या कागदावर दिलाय. पत्र मोठं वाटलं तर टिळकांचा भाग कापा, नियम १६ चा कापू नका.)