क्रॅपीला झटका नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या तळ्यांवर क्रॅपी मासा कसा पकडायचा यावर लेख आला होता. छान होता, पण फ्लोट (गळाच्या दोरीवरचा तरंगता तुकडा) बुडाला की जोरात झटका द्या हे जे लिहिलंय ते वाचून राहवलं नाही. अहो, झटका दिला की मासा गेलाच समजा. क्रॅपीच्या तोंडाचं कातडं इतकं पातळ असतं की इकडचे लोक त्याला कागदी तोंडाचा म्हणतात. मी इथे अमेरिकेत आलो तेव्हा पहिला अख्खा सीझन झटके मारण्यात घालवला, गळ वर यायचा, त्याला ओठाचा पापुद्रा चिकटलेला आणि मासा गायब. रॉड नुसता मनगटाने वर उचलायचा, लाइन जराही ढिली सोडायची नाही आणि मासा काठाशी आला की लाइन धरून उचलायचा नाही, खालून जाळी घालायची, बस.

दुसरं म्हणजे आमिष किती खोल सोडायचं, हा खरा मुद्दा आणि लेखात तो एका ओळीत उरकलाय. या माशाचे डोळे डोक्यावर उंच असतात, तो वर बघून खातो, खाली सहसा बघत नाही. म्हणजे मासे 8 फुटांवर असतील तर आमिष 7 फुटांवर हवं, 9 वर सोडलंत तर दिवसभर बसा फ्लोटकडे बघत. सरकता फ्लोट घेतला तर खोली बदलायला सोपं जातं.

जागा म्हणाल तर बुडालेली झाडं, फांद्यांचे ढीग. तिथे गळ अडकतोच, म्हणून बारीक तारेचा घ्यायचा, हळूहळू ओढला की तो सरळ होऊन सुटतो, मग पक्कडीने परत वाकवायचा, लाइन तोडायची गरज नाही. जिवंत छोटा मासा लावायचा असेल तर दोन्ही ओठांतून ओवा, बराच वेळ हलता राहतो. वसंतात पाणी साधारण 16 ते 20 अंशांवर आलं की हे मासे अंडी घालायला उथळात येतात, तेव्हा काठावरूनही मिळतात. उन्हाळ्यात मात्र खोलात जातात, मग पहाटे नाहीतर रात्री दिवा लावून बसायचं, उजेडाला बारीक मासे जमतात आणि त्यांच्या मागे हे.

लायसन्सचा तर लेखात उल्लेखच नाही! प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, किती मासे आणि केवढे ठेवायचे ते आधी बघूनच पाण्यावर जायचं.

आणि हो, फोटोखाली काळा क्रॅपी लिहिलंय, तो पांढरा आहे. पाठीच्या पंखाचे टोकदार काटे मोजा, काळ्याला 7-8 असतात, पांढऱ्याला 5-6. मी भिंग लावून मोजले, 6 आहेत, अंगावर उभे पट्टेही स्पष्ट दिसतायत.

आपला,
एक नेहमीचा वाचक