गोकुळला पत्र: आबांची इंजेक्शनं आणि रिसेप्टर

धुळे,
१२ ऑक्टोबर

प्रिय गोकुळ,

आबा घरी आले, कळण्याची भाकरी मागून खाल्ली, हे वहिनींनी फोनवर सांगितलं. जीव भांड्यात पडला. दवाखान्याच्या त्या गर्दीत तू मला दोन-तीनदा विचारलंस, "भो, एवढी इंजेक्शनं कशाची? आणि आबा असे बडबडताहेत का?" तिथे उभ्या-उभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं. तुझ्या काकांनी तर 'औषध जास्त झालं, माणसाचं डोकं फिरवलं' असा निकालच देऊन टाकला होता. आज निवांत लिहितो. औषधशास्त्र शिकवणाऱ्याचं पत्र आहे, लांबेल. चहा घेऊन बस.

आबांनी कपाशीवर मारलं मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक, आणि त्याचीच विषबाधा झाली. वारा समोरून, अंगात नुसती बनियन, त्यात उपाशीपोटी. शरीरात नसा पुढच्या पेशीला निरोप देतात तो रसायनातून, आणि त्यातलं एक मोठं रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. ते नसेच्या टोकाशी सुटतं, पलीकडच्या पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं, पेशी कामाला लागते. लगेच एक एन्झाइम त्याचे तुकडे करून जागा मोकळी करतं. हे एन्झाइम भलतंच चपळ, त्याचा एकेक रेणू सेकंदाला हजारो रेणू फोडतो. मोनोक्रोटोफॉस नेमकं त्यालाच जखडतं. मग ॲसिटिलकोलीन साचत जातं आणि पेशींना उसंत म्हणून मिळत नाही. आबांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, तोंडातून लाळ, छातीत घरघर, नाडी मंद, आणि दंडावरची कातडी आतून किडा वळवळावा तशी उडत होती. तू म्हणालास, आकडी आली. आकडी नव्हती ती.

आता एक गंमत बघ. ॲसिटिलकोलीन एकच, पण दंडाचे स्नायू त्याने उडत होते आणि हृदय मात्र मंदावलं होतं. असं कसं? कारण त्या रसायनात 'पळ' किंवा 'थांब' असं काही लिहिलेलं नसतं. काय करायचं ते रिसेप्टर आणि त्याच्यामागची पेशी ठरवते. दंडाच्या स्नायूवरचा रिसेप्टर हाच एक दरवाजा असतो. ॲसिटिलकोलीन चिकटलं की तो उघडतो, सोडियम आत घुसतं, स्नायू आकसतो. हृदयावरचा रिसेप्टर वेगळ्या जातीचा. तो आतल्या प्रथिनाला हलवतो, ते पोटॅशियमची वाट उघडतं आणि ठोका लांबतो. लाळेच्या ग्रंथीवर आणखी तिसरी तऱ्हा: तिथे पेशीच्या आत कॅल्शियम वाढतं आणि लाळ सुटते. पहिल्या जातीला निकोटिनिक म्हणतात, बाकीच्या दोन्हींना मस्कारिनिक.

हृदयाला थांबवणारं रसायनच असतं हे दाखवलं ऑटो लोवी नावाच्या माणसाने, १९२१ मध्ये. बेडकाची दोन हृदयं घेतली. एकाची नस चेतवून ठोके मंद केले आणि त्याच्याभोवतीचं पाणी दुसऱ्याला दिलं. दुसऱ्याची नस कुणी चेतवली नव्हती, तरी तेही मंदावलं. १९३६ चं नोबेल त्याला हेन्री डेलबरोबर मिळालं. प्रयोगाची कल्पना त्याला झोपेत सुचली म्हणे. आपल्याला झोपेत फक्त लोडशेडिंग कळतं.

तर इंजेक्शनं. ती ॲट्रोपिनची. भुसावळला जनरलच्या डब्यात आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचो ना, ॲट्रोपिन तेच करतं. मस्कारिनिक रिसेप्टरवर जाऊन बसतं, स्वतः काहीच करत नाही, पण ॲसिटिलकोलीनला बसू देत नाही. मात्र गर्दी जितकी जास्त तितके रुमाल जास्त लागणार. आबांच्या अंगात गर्दी बेसुमार होती, आणि आपल्याकडे ॲट्रोपिनच्या एका ॲम्प्युलमध्ये, म्हणजे काचेच्या कुपीत, साधारण ०.६ मिलिग्रॅमच औषध असतं. म्हणून ती सिस्टर एकामागून एक ॲम्प्युल फोडत होती. डोस मोजून थांबायचं नसतं तिथे. छातीतली घरघर जाईपर्यंत, नाडी वर येईपर्यंत दर पाच मिनिटांनी वाढवत न्यायचं असतं. डॉक्टर सारखे स्टेथोस्कोप लावून बघत होते ते त्यासाठी.

बडबडीचं म्हणशील तर काका अर्धे बरोबर. ॲट्रोपिन मेंदूतही शिरतं, आणि तिथल्या रिसेप्टरवर जास्त झालं की माणूस हवेतलं काहीतरी वेचू लागतो, 'ढोरं सोडा रे' म्हणून ओरडतो. बांधावरचा धोतरा खाल्लेल्या माणसाची काय गत होते ते आपण लहानपणापासून ऐकलंय. धोतऱ्यात हेच कुळ आहे. पण ते दिसताच डॉक्टरांनी वेग कमी केला आणि दुसऱ्या दिवशी आबा शुद्धीत बोलायला लागले. छातीत पाणी भरून जाण्यापेक्षा एक रात्र ढोरं सोडलेली बरी, हे काकांना माझ्या नावाने सांग.

ॲट्रोपिनचा हात स्नायूंवरच्या निकोटिनिक रिसेप्टरपर्यंत मात्र पोचत नाही. माझी खरी काळजी तीच होती. घरघर गेली, लाळ थांबली, सगळे म्हणाले सुटले. पण एक ते चार दिवसांत मानेचे, मग श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. तो तरुण डॉक्टर दर राउंडला "बाबा, उशीवरून मान उचला" म्हणायचा आणि तू वैतागायचास, आठवतं? मान उचलता आली नसती तर त्याने आबांना व्हेंटिलेटरजवळ हलवलं असतं.

किड्यांच्या नसांतही ॲसिटिलकोलीनच चालतं, आणि ते फोडणारं एन्झाइमही तसंच. म्हणून मोनोक्रोटोफॉस तुडतुडा आणि आबा यांच्यात फरक करत नाही. इमिडाक्लोप्रिड हे दुसरं कीटकनाशक त्या मानाने जरा निवडक. ते थेट निकोटिनिक रिसेप्टरला चिकटतं, पण किड्याच्या रिसेप्टरला जितकं घट्ट, तितकं आपल्याला नाही. निर्धास्त होऊ नकोस, पोटात गेलं तर तेही विषच. २०१७ ला यवतमाळकडे फवारणीत माणसं गेली, ते तू पेपरात वाचलंच असशील.

आता कामाचं. जखडलेलं एन्झाइम आबांच्या रक्तात लवकर भरून येणार नाही. लाल पेशी नव्या तयार होतील तसं ते येतं, म्हणजे काही आठवडे, कदाचित महिने. तोवर फवारणीचं थोडंसं औषध अंगावर उडालं तरी आबांना ते जास्त भोवेल. यंदा पंप त्यांच्या पाठीला लागता कामा नये, आणि तू मारलंस तर ते कपडे वहिनींना घरच्या धुण्यात टाकू देऊ नकोस. डब्याचं लेबल जपून ठेव. कधी वेळ आली तर दवाखान्यात सगळ्यात आधी तेच लागतं.

आबांना वाचताना धूसर दिसायचं ते गेलं का, कळव. दिवाळीआधी रविवार बघून येतो. भरिताची वांगी बामणोदची असतील तरच थांबेन.

तुझा,
प्रकाश