चार चमचे साखर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

माझ्या निवृत्तीला तू दिलेलं वायनरीचं, फेसाळती वाइन करून बघायचं कूपन सात महिने फ्रिजवर चुंबकाखाली होतं. दूध काढताना बाबा रोज म्हणायचे, "मुदत संपतेय हं." शेवटी गेल्या शनिवारी गेलो, मी, बाबा आणि सुलूमावशी. फोनवर सांगितलं असतं, पण तू नुसतं "हो का, वा" म्हणतोस आणि मागे कीबोर्ड वाजत असतो. म्हणून पत्र.

जागा गंगापूर धरणाच्या बाजूला. वायनरी छोटीशीच, एक शेड, स्टीलच्या चार टाक्या, मागे द्राक्षबाग. आम्ही आठ जण होतो. २१ च्या खालच्यांना चव घ्यायची परवानगी नाही, त्यामुळे एका जोडप्याचा मुलगा द्राक्षाचा रस घेऊन फुगून बसला होता. बाबा म्हणाले, मला गाडी चालवायचीय, मी नुसता वास घेतो. आणि खरंच, दिवसभर ग्लास नाकाला लावून फिरले.

आधी बागेत नेलं. शेनिन ब्लांक या वाइनच्या द्राक्षाचे घड, मणी लहान, सालीला जाड, आत बी. निफाडच्या मामाच्या बागेतली थॉम्सन आठव, तिच्या शेजारी ही गरीब नातेवाईक दिसेल. एप्रिलला खरड छाटणी, पाऊस सरता सरता फळछाटणी, ते सगळं मामासारखंच. पण फेसाळत्या वाइनसाठी तोडणी लवकर करतात, साखर १८-१९ ब्रिक्सवर (म्हणजे रसात साधारण शेकडा तेवढे भाग) असतानाच, कारण आंबटपणा टिकायला हवा. मी एक मणी खाल्ला आणि डोळा मिटला.

आता मुद्द्याचं. एकतीस वर्षं मी फळ्यावर किण्वन शिकवलं. डावीकडे ग्लुकोज, बाणावर यीस्ट, उजवीकडे इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड. इथेनॉल म्हटलं की मुलं खुदखुदायची, आणि मी त्या वायूपुढे वर जाणारा छोटा बाण काढून मोकळी व्हायची. उडून गेला, विषय संपला. शनिवारी कळलं, इथला सगळा उद्योग तो बाण अडवण्यावर चाललाय.

पहिलं किण्वन टाकीत होतं, तेव्हा वायू जाऊ देतात. मग ती साधी वाइन बाटलीत भरतात, लिटरमागे साधारण २४ ग्रॅम साखर आणि थोडं यीस्ट घालतात, आणि सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं बूच ठोकतात. म्हणजे एका बाटलीत १८ ग्रॅम, चहाचे चार-साडेचार चमचे. एवढ्याने आत सहा वातावरणांइतका दाब तयार होतो, आपल्या गाडीच्या टायरच्या जवळजवळ तिप्पट! रिकामी बाटलीसुद्धा हातात वरवंट्यासारखी लागते, ती उगाच नाही. फ्रान्सच्या शाम्पेन भागात पूर्वी तळघरांत बाटल्या आपोआप फुटायच्या. ज्या दोम पेरिन्यों नावाच्या साधूला या बुडबुड्यांचं श्रेय देतात, तो खरं तर ते घालवायच्या खटपटीत होता म्हणे. साखर घालून वाइन फेसाळती करतात, हे १६६२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत ख्रिस्तोफर मेरेटने सांगितलं होतं. शिक्षक असताना हे माहीत असतं तर एक तास तरी रंगला असता.

साखर संपली की यीस्ट मरतं आणि त्याचा साका बाटलीत बसतो. तो महिनोन्‌महिने तसाच ठेवतात. शाम्पेनमध्ये तर किमान बारा महिने, असा नियमच आहे. मेलेल्या पेशी विरघळत जातात आणि वाइनला पावाचा वास येतो. बाबांनी पहिल्याच वासाला सांगितलं, "पहाटेची बेकरी." आम्हाला माहिती देणाऱ्या पोराने चकित होऊन त्यांच्याकडे बघितलं.

साका काढायचं काम आमच्याकडे दिलं. छपरासारख्या जोडलेल्या दोन फळ्या, त्यांना भोकं, भोकांत बाटल्या माना खाली करून. रोज प्रत्येक बाटली थोडी फिरवायची, थोडी उभी करायची, असं काही आठवडे. साका हळूहळू घसरत मानेत येतो. ही युक्ती क्लिको नावाच्या विधवेच्या कारखान्यात निघाली, १८१६ च्या सुमारास. नवरा गेला तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. सुलूमावशी बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग एकटीने पुढच्या दोन रांगा फिरवल्या.

नंतर मान खारट थंड द्रावणात गोठवतात, बाटली उभी करतात आणि पत्र्याचं बूच उडवतात. साक्याचा बर्फ गोळीसारखा बाहेर पडतो. अॅप्रन, चष्मा घालून मी पुढे झाले. चावी ओढली आणि अंगठा ठेवायला उशीर केला. पाव बाटली बाबांच्या शर्टावर! परतताना नाकाबंदी नव्हती, हे आपलं नशीब.

कमी झालेली वाइन भरताना थोडी साखर घालायची की नाही, हे तिथेच चाखून ठरवायचं होतं. बिनसाखरेची मला आवडली नाही, कच्ची कैरी नुसती. लिटरला आठ ग्रॅमची छान होती. मग बूच, आणि वर तारेची जाळी, सहा अर्धे वेढे देऊन. माझी सुलूमावशीपेक्षा सरळ बसली.

तुझ्या खोलीत बिअरचा कॅन सापडला तेव्हा मी तीन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते, आठवतंय ना? ते मी मागे घेत नाही, लपवलास म्हणून राग होता. पण तेव्हा "दारू ती दारूच" म्हणाले होते, ते जरा अभ्यास न करता बोलले.

मी बनवलेली बाटली दोन-तीन महिने तशीच ठेवायला सांगितलीय. घरातली सगळ्यात गार जागा देवघराखालचं कपाट, पण तिथे ठेवायला बाबांचा सक्त विरोध. म्हणून सध्या ती तुझ्या पलंगाखाली, गोधडीत गुंडाळून आहे. पाडव्याला येशील तेव्हा तीन तास फ्रिजमध्ये ठेवून उघडू. आणि एक, बूच धरून बाटली फिरवायची, बूच नाही.

तुझी,
आई