सही एकाची, मंजुरी दुसऱ्याची

संपादक महोदय,

बोगस कर्जांबद्दल बँक अधिकाऱ्यांवरचे खटले का रखडतात, यावर कर्ज विभागातून निवृत्त झालेला मी थोडे लिहितो. शिफारशीवर सही शाखाधिकाऱ्याची, तारणाचे मूल्यांकन व्हॅल्युअरचे, मालकी हक्क तपासणारा सर्च रिपोर्ट बँकेच्या पॅनलवरच्या वकिलाचा आणि मंजुरी वरिष्ठांच्या समितीची. यात लबाडी कुणाची आणि नुसता अंदाज कुणाचा चुकला, हे कोर्टात सिद्ध करणे महाकठीण. त्यात सरकारी बँकेतल्यांवर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली खटल्यासाठी कलम १९ ची मंजुरी लागतेच. २०१८ पासून कलम १७अ मुळे घेतलेल्या निर्णयाच्या चौकशीलाही पूर्वपरवानगी लागते.

पण संरक्षण नकोच, असे मी म्हणणार नाही. आमच्या पुण्यात जून २०१८ मध्ये बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी (डीएसके) यांच्या फसवणूक प्रकरणात बँक ऑफ महाराष्ट्रच्या व्यवस्थापकीय संचालकांना अटक झाली. पुढे पुराव्याअभावी त्यांचे नाव वगळावे लागले. (अटकेची बातमी मात्र पहिल्या पानावर!)

खटल्याच्या मंजुरीला तीन महिने, फार तर आणखी एक, ही मुदत बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे. ती उलटली, तर फाइल कुणाच्या टेबलावर अडली हे बँकेने जाहीर करावे.

— एक निवृत्त बँक अधिकारी, सदाशिव पेठ, पुणे