रोवळीखालच्या मुलाच्या आईकडून, एमआरआयवाल्या दादांना

दादा, नमस्कार.

मे महिन्याच्या शेवटी देवगडहून फोंडाघाट चढून आलेलं आणि तुमच्या मशीनच्या दारातच भोकाड पसरलेलं सहा वर्षांचं पोर आठवतंय का? त्याची आई मी. त्या दिवशी तुम्ही आम्हाला तसंच परत पाठवलंत, त्याचे हे आभार.

चूक आमची होती. बाबूला दोनदा आकडी आली म्हणून डोक्याचा एमआरआय लिहून दिला होता आणि आम्ही त्याला सांगितलं, "फोटो काढायचाय, एका मिनिटात होतो." मशीन ठकठकायला लागल्यावर त्याने माझ्याकडे जे बघितलं ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. आवाजाला तो घाबरलाच, पण आईने आपल्याला फसवलं हे त्याला जास्त लागलं.

आता भूलच देणार, असं मी धरून चालले होते. तुम्ही डॉक्टरांना विचारून आलात आणि म्हणालात, भूल आहेच, पण त्यासाठी आधी सहा तास पोटात अन्न नको, दोन तास पाणीही नको. उपाशी पोर आणि घाटातली वळणं! मला तिथेच घाम फुटला. "आठ दिवस घरी तयारी करून बघा," म्हणालात. मग बाहेर तीन पेशंट थांबलेले असताना त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसलात. "आवाज येणार. मोठा येणार. थांबणार, परत येणार. मशीन दुखवत नाही. तू मात्र हलायचं नाही, हललास तर तेवढं परत करावं लागतं. अर्धा तास तरी लागेल. सुई टोचायची वेळ आली तर मी आधी सांगेन." एवढं सरळ त्याच्याशी घरात कोणी बोललं नव्हतं. माझ्या मोबाइलवर तुम्ही मशीनचा आवाज भरून दिलात आणि कानात घालायचे बोळे दिलेत.

मग आमच्या घरी जो काही एमआरआय चालला! 1 जूनला मासेमारी बंद झाली, छोटी होडी अंगणात ओंडक्यांवर उपडी पडली. तिच्याखाली गोधडी घातली. डोक्याला ती जाळीची टोपी बसवतात म्हणाला होतात, तर तांदूळ धुवायची रोवळी तोंडावर. बांबूच्या फटींतून त्याला बाहेरचं दिसायचं. मोबाइल पहिल्या दिवशी अगदी हळू, मग रोज थोडा मोठा. तिसऱ्या दिवशी त्याने आवाजांना नावंच ठेवली: एक सुतारपक्षी, एक बाबांचं इंजिन, एक घोरणारे आजोबा. आजोबांना हा आवाज येतो कुठून याचीच उत्सुकता. तुम्ही मला सांगितलं होतंत तेच मी त्यांना सांगितलं, की आत तारांची वेटोळी असतात, त्यांतली वीज भराभर चालू-बंद होते आणि चुंबकात ती थरथरतात. "म्हणजे आमच्या इंजिनासारखाच," म्हणाले आणि स्वतः रोवळी घालून झोपून बघितलं.

अडलं ते आजींपाशी. "ताईत काय काढूचो नाय!" तुम्ही फोनवर त्यांना न रागावता समजावलंत, की ते चुंबक स्कॅन नसतानाही चालूच असतं, लोखंडाचा तुकडा खेचून घेतं, आणि बाकीचा धातूही आत नको. मग चांदीचा करगोटा उतरला आणि ताईत आजींच्याच मुठीत राहिला. मी मंगळसूत्र, बांगड्या, केसांचे आकडे, साडीच्या पिना सगळं काढून आत आले. माझे ते आकडे तुम्ही दोनदा मोजलेत, त्याचं तेव्हा हसू आलं होतं.

बाबू सकाळी आंबोळी खाऊन आला होता. त्याच्या हातात तुम्ही तो रबरी फुगा दिलात, "दाबलास की मी येतो." त्याने लगेच दाबला. तुम्ही आलात. परत दाबला, परत आलात. तिसऱ्यांदा दाबल्यावर मी ओरडणार होते, पण तुम्ही दार उघडून आत आलात आणि विचारलंत, "बोला साहेब?" त्यानंतर तो फुगा त्याने दाबला नाही. मी त्याच्या पायाचा अंगठा धरून बसले होते. तो अंगठासुद्धा हलला नाही. मधल्या एका थांब्यात आतून आवाज आला, "आता आजोबा घोरतले." आणि खरंच तोच आवाज लागला!

सुई लागली नाही. रिपोर्ट डॉक्टरांनी बघितला, औषध चालू आहे.

परवा धाकट्या चुलतबहिणीला लस द्यायला नेत होतो. जाऊबाई तिला सांगत होत्या, काही दुखत नाही गं. बाबू मध्येच म्हणाला, "दुखता. पण वायच." ती त्याचा हात धरून गेली.

पुढच्या तारखेला येऊ तेव्हा आंब्याची साठं आणते. घ्यायला नको म्हणू नका, आजींनी उन्हात स्वतः राखण करून वाळवली आहेत.

तुमची,
बाबूची आई