हात वर जाईना तेव्हा

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, साठी उलटली, आता थोडंफार दुखणारच." धीर द्यायला म्हणालीस, ते कळलं मला. पण फोन ठेवल्यावर ते वाक्य मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

फायब्रोमायल्जियाचं, म्हणजे अंगभर सतत दुखत राहण्याच्या या आजाराचं, निदान झालं तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. त्या काळी अंगावरच्या 18 ठरावीक जागा दाबून बघत. कमीत कमी 11 तरी दुखल्या पाहिजेत असा नियम. माझ्या 14 दुखल्या. (2010 मध्ये नवे निकष आले. आता दुखणं किती ठिकाणी पसरलंय, झोपेतून उठल्यावर ताजंतवानं वाटतं का, थकवा किती, हे विचारतात.) घरी येताना एकच भीती होती : चाळिशीत ही गत, तर साठीत मी अंथरूणच धरणार. तसं झालं नाही. या आजारात सांधे झिजत नाहीत, स्नायू निकामी होत नाहीत. मेंदू आणि मज्जारज्जूच इतके हळवे होतात की साध्या दाबाचीही कळ होते. त्यामुळे वर्षागणिक तो चढतच जाईल असं नसतं. वय वाढलेल्या रुग्णांना त्याचा जाच तरुणांपेक्षा कमी होतो, असंही काही अभ्यासांत दिसलंय. मला तरी आता त्याची पूर्वीसारखी धास्ती वाटत नाही.

खरा घोळ होतो तो वेगळाच. वयाबरोबर नवी दुखणी येतात आणि या जुन्या नावाआड लपून बसतात.

गेल्या वर्षी तुला "गोळ्या बदलल्यात" एवढंच सांगितलं होतं, आता सगळं सांगते. सकाळी उठले की दोन्ही खांदे आणि मांड्या आखडलेल्या. तासभर कंगवा डोक्यापर्यंत नेता येईना. जुनंच दुखणं म्हणून दोन महिने सोसलं. ज्या डॉक्टरांकडे आधी गेले त्यांनी फाइलवरचं आजाराचं नाव वाचलं, माझं वय वाचलं आणि विषय संपवला. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र विचारलं, "हे दुखणं नेहमीसारखंच आहे का?" मी गप्पच झाले, कारण ते तसं नव्हतंच. माझा नेहमीचा ठणका आज पाठीत, उद्या पोटरीत असा हिंडत असतो. हा दोन्ही बाजूंना ठाण मांडून बसला होता. रक्त तपासलं तर ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारे आकडे, दोन्ही वाढलेले. निव्वळ फायब्रोमायल्जियाने ते वाढत नाहीत. निघाला पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिका, खांदे-मांड्या आखडवणारा सुजेचा वेगळाच आजार. तो पन्नाशीच्या आधी सहसा होतच नाही. स्टेरॉइडच्या लहान डोसने चार दिवसांत हात वर गेला. त्या सकाळी मी आरशासमोर उभी राहून वेणी घातली, सोडली, पुन्हा घातली.

यातलं एक तू पक्कं लक्षात ठेव. नव्याने डोकं दुखायला लागलं, चावताना जबडा दुखला किंवा नजर अंधुक झाली, तर मला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. या पॉलिमायल्जियासोबत डोक्याकडच्या रक्तवाहिन्यांना सूज येऊ शकते आणि उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.

दुखण्यासाठी आणि झोपेसाठी रात्री घ्यायची ती अमिट्रिप्टिलीनची गोळीही त्या दुसऱ्या डॉक्टरांनी हळूहळू बंद केली. उतारवयात तिने तोल जातो, डोकं जड राहतं. "आई विसरायला लागली" असं तुला वाटत होतं ना, त्यातलं थोडं त्या गोळीचं होतं. झोप मात्र अजून उथळच आहे.

"मलाही होईल का?" असं तू एकदा विचारलं होतंस आणि मी विषय बदलला होता. आईला फायब्रोमायल्जिया असेल तर शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, पण होतोच असं नाही. कधी तीन-तीन महिने अंग दुखत राहिलं, तर माझ्यासारखी सोसत बसू नकोस.

आणि घरी आलीस की माझ्या हातातलं काम काढून घेऊ नकोस गं. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या फायब्रोमायल्जियासाठीच्या 2016 च्या शिफारशींत ठाम शिफारस फक्त व्यायामाचीच आहे. मी रोज वीस मिनिटं चालते. वाईट दिवशी दहा, पण चालते.

पुढच्या महिन्यात तपासणी आहे, बरोबर ये. कुणी "वयामुळे" म्हणालं आणि मी नुसती मान डोलवायला लागले, तर तो प्रश्न तू विचार : हे नेहमीसारखंच आहे का?

तुझी,
आई