रात्री हाक मारतो का?

चि. राजू यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर आपले बोलणे झाल्यापासून मी गप्प आहे, हे तुझ्या लक्षात आले असेल. तू रागाने फोन ठेवलास आणि मीही पुन्हा केला नाही. बोलताना माझा आवाज चढतो आणि लिहिताना चढत नाही, असे तुझ्या आईचे म्हणणे आहे, म्हणून हे पत्र. छोटूला कसे वाढवायचे हे ठरवण्याचा अधिकार तुम्हा दोघांचा आहे आणि त्यात मी पडणार नाही, असे कागद पुढे ओढण्यापूर्वीच मनाशी ठरवले आहे. मला फक्त एक गोष्ट विचारायची आहे आणि ती मी एकदाच विचारीन.

तू म्हणालास, "बाबा, छोटूच्या कापडी सशाला, लंब्याला, कपाटात ठेवून दहा दिवस झाले, खोलीतला दिवाही बंद असतो आणि गेल्या चार रात्री त्याने एकदाही हाक मारलेली नाही. संपली भीती." तुझ्या आवाजातले समाधान मला ऐकू आले. रात्री तीन-तीनदा उठून पलंगाखाली कोणी नाही हे मुलाला वाकून दाखवायचे आणि सकाळी तशाच डोळ्यांनी कामावर जायचे, हे मी केलेले आहे, त्यामुळे त्या समाधानाची किंमत मी जाणतो. तरीही त्या चार रात्री माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्याने हाक मारणे थांबवले, हे तू मला सांगितलेस. त्याला भीती वाटायची थांबली, हे त्याने तुला सांगितले का?

लंब्याची अवस्था वाईट आहे, हे मान्य. त्याचा एक कान चावून चावून दोरीसारखा झाला आहे, पोटातला कापूस सगळा एका बाजूला गोळा झाला आहे आणि त्याला वास येतो. तू त्याच मापाचा, त्याच रंगाचा नवा ससा आणून दिलास आणि छोटूने तो शहाण्यासारखा फळीवर ठेवून दिला, पुन्हा खाली काढला नाही, याचे तुला वाईट वाटले. त्यात हट्टीपणा नाही, राजू. ब्रूस हुड आणि पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी 2008 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. वस्तूची हुबेहूब प्रत काढणारे यंत्र आहे, असे लहान मुलांना भासवले गेले. एरवीच्या खेळण्यांबाबत मुले प्रत घ्यायला राजी होती. पण रोज जिला घेऊन झोपायचे अशी लाडकी वस्तू असलेल्या मुलांपैकी काहींनी ती यंत्रात ठेवूच दिली नाही, आणि ज्यांनी ठेवू दिली त्यांच्यातल्या बहुतेकांनी परत मागितली ती आपलीच. मुलाच्या लेखी लंब्या ही वस्तू नसून तो कोणीतरी आहे, आणि कोणाच्या तरी जागी तसाच दुसरा आणून बसवता येत नाही.

डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने या विषयावर 1951 साली एक निबंध वाचला होता, तो 1953 मध्ये छापला गेला. मूल आईपासून हळूहळू सुटे होत असताना, आई आणि बाहेरचे जग यांच्या मधल्या जागेत ते एखादी चिंधी, एखादे पांघरूण किंवा एखादे खेळणे धरून ठेवते, असे त्याचे म्हणणे. ही वस्तू तुला कोणी दिली की तू मनाने रचलीस, असा प्रश्न मोठ्यांनी मुलाला कधीच विचारायचा नसतो, असे तो म्हणतो, आणि ती मळली, तिला वास येऊ लागला तरी आया ती धूत नाहीत, कारण धुतले की मुलाच्या अनुभवाचा धागाच तुटतो, हेही त्याने नोंदवले आहे. मला सर्वांत पटले ते पुढचे. अशी वस्तू कोणी हिसकावून घ्यावी लागत नाही; काही वर्षांत तिचा अर्थ आपोआप विरत जातो, मूल तिच्यासाठी रडत नाही आणि तिला विसरतही नाही. तुझा कापडी हत्ती ढोल्या असाच गेला. तो नेमका कोणत्या दिवशी माळ्यावर गेला, हे आपल्या घरात कोणालाही सांगता येणार नाही.

मी व्याख्यान देऊ लागलो आहे, हे मला दिसते आहे. क्षमा कर. तीस वर्षे फळ्यापुढे उभे राहिल्यावर माणसाला दुसरे बोलणे येत नाही.

पण राक्षसाविषयी थोडे लिहू दे. दोनेक वर्षांचे होईपर्यंत मुलाला डोळ्यांपुढे नसलेली वस्तू मनात उभी करता येऊ लागते. ती मोडून बाजूला ठेवणे मात्र इतक्या लवकर जमत नाही. ज्या शक्तीने छोटूने पलंगाखाली राक्षस आणून बसवला आहे, त्याच शक्तीने त्याने लंब्याच्या अंगात जीव घातला होता. दोघेही त्याचेच. त्यांतला त्याच्या बाजूचा होता त्याला तू कपाटात बंद केलेस आणि दुसरा पलंगाखाली तसाच आहे. रात्री हे मनात आले की मला झोप लागत नाही.

आणि हा राक्षस मुळात त्याच्या घरात आणला कोणी? "झोपला नाहीस तर बागुलबुवा येईल" हे वाक्य तू माझ्या तोंडून शंभरदा ऐकले आहेस. मी ते सहज बोलत असे, कारण माझे वडील तसे बोलत. पुढे तू घाबरू लागलास तेव्हा मी काठी घेऊन पलंगाखाली झोडपून काढत असे आणि "बघ, पळाला" असे सांगत असे. त्याने तू तेवढ्यापुरता हसायचास. आता वाटते, बाबा स्वतः काठी घेऊन येतात म्हणजे मारण्यासारखे काहीतरी तिथे आहे, हेच मी तुला दर रात्री पटवून देत होतो. छोटूच्या बाबतीत तू काठी कधी घेतली नाहीस, त्याला बागुलबुवाची धमकी दिली नाहीस. हे मला दिसत होते, पण मी तुला ते कधी बोलून दाखवले नाही. बाप म्हणून तू माझ्यापेक्षा चांगला आहेस.

अंधाराची सवय होईल, असे तू म्हणतोस. होते सवय, पण तिला पायऱ्या असतात. मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1924 साली पीटर नावाच्या, तीन वर्षांच्याही आतल्या मुलाची हकीकत लिहिली आहे. योगायोग असा की, त्याला भीती सशाचीच होती. त्यांनी ससा एकदम त्याच्या अंगावर टाकला नाही. तो आवडीचे काही खात असताना पिंजरा दूर ठेवायचा, तो शांत राहिला तर थोडा जवळ आणायचा, बिचकला तर पुन्हा मागे न्यायचा, असे करत शेवटी पीटर त्या सशाला कुरवाळू लागला. दिवा बंदच करायचा असेल तर आधी तो मंद करा, मग खोलीबाहेर ठेवा, मग दार थोडे कमी उघडे ठेवा, आणि या प्रत्येक पायरीवर लंब्या त्याच्या काखेत असू द्या. लंब्याला काही काम देता आले तर आणखी बरे. 2006 च्या लेबनॉन युद्धाच्या वेळी इस्राएलमध्ये अवि सादेह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धास्तावलेल्या लहान मुलांना एकेक कापडी कुत्र्याचे पिल्लू दिले आणि हे दुःखी आहे, याची काळजी तू घे, असे सांगितले. ज्या मुलांचा त्या पिल्लावर जीव जडला त्यांचा ताण अधिक कमी झाला. छोटूला "घाबरू नकोस" असे सांगण्यापेक्षा "लंब्याला अंधाराची भीती वाटते, त्याच्याकडे लक्ष ठेव" असे सांगून बघ. तो लक्ष ठेवील. पण त्यासाठी लंब्या कपाटाबाहेर यायला हवा, आणि छोटूने रात्री हाक मारली तर कोणीतरी उठून जायला हवे.

पुन्हा तेच आले. एकदाच विचारीन असे वर लिहिले आहे, ते खोडत नाही.

आता तुला जे कधी सांगितले नाही ते सांगतो. तू नुकताच पाच वर्षांचा झाला होतास. तुझी आई मावशीकडे गेली होती, ते आठ दिवस. मला पहाटे लवकर निघायचे होते आणि तू तिसऱ्यांदा हाक मारलीस. मी आलो, दिवा लावला आणि म्हणालो, "पुन्हा हाक मारलीस तर ढोल्याला खिडकीतून फेकून देईन." मी ते ओरडून बोललो नाही, हळू आवाजात बोललो, आणि तू मान हलवलीस. त्या रात्री तू हाक मारली नाहीस. दुसऱ्या रात्रीही नाही. तुझी आई परत आल्यावर मी तिला मोठ्या अभिमानाने सांगितले की, संपली याची भीती. रविवारी तू वापरलेस तेच शब्द, राजू. फोन कानाला असताना माझा हात गार पडला तो त्यामुळे.

त्यानंतर महिना-दीड महिना गेला असेल. मी रात्री पाणी प्यायला उठलो आणि आमच्या खोलीचे दार बाहेर ढकलले, तर ते उघडेना. पलीकडे काहीतरी मऊ होते. फटीतून हात घालून पाहिले तर तू होतास. दाराला पाठ लावून, गुडघे छातीशी घेऊन, उघड्या फरशीवर झोपला होतास. पांघरूण नव्हते. ढोल्या मांडीवर होता आणि झोपेतही तुझा तळहात त्याच्या तोंडावर, सोंडेच्या खाली, घट्ट दाबलेला होता. मी तुला उचलून आत घेतले तरी तो हात सुटला नाही. सकाळी मी सहज विचारल्यासारखे विचारले, "ढोल्याचे तोंड का दाबले होतेस?" तू म्हणालास, "त्याला हाक मारायची होती. मी नाही मारू दिली."

किती रात्री तू तिथे येऊन झोपत होतास आणि आम्ही जागे होण्यापूर्वी आपल्या अंथरुणात परत जात होतास, हे मला आजतागायत माहीत नाही. तुला ते आठवतही नसेल. तुझ्या आईलाही मी अर्धेच सांगितले होते. खिडकीचे बोलणे तिला आत्ता, हे पत्र वाचून दाखवताना कळले. ती काही बोलली नाही. उठून देवघरापाशी जाऊन बसली आहे.

मागच्या वर्षी तुझे ऑपरेशन झाले ते आम्हाला आठ दिवसांनी कळले, तेही सूनबाईकडून. "तुम्हाला उगीच काळजी नको" असे तू म्हणालास. या गोष्टीचा त्या गोष्टीशी संबंध असेलच असे मी म्हणत नाही. तू स्वभावानेच सोशिक आहेस, सगळे तुझे कौतुक करतात, मीही चारचौघांत करतो. पण तू दवाखान्यात असताना रात्री तुझ्या उशाशी कोण होते, हा प्रश्न मला अजून पडतो, आणि तो पडला की ते न उघडणारे दार आठवते.

छोटू तुझ्यासारखाच आहे. मान हलवतो आणि गप्प होतो. म्हणून त्याच्या चार शांत रात्रींचे मला कौतुक वाटत नाही, भीती वाटते. माझी भीती खोटी ठरो. तो खरोखरच गाढ झोपत असेल आणि म्हाताऱ्याने उगीच पाल्हाळ लावले असेल, तर मला याहून मोठा आनंद नाही. एकदा रात्री दोनच्या सुमारास उठून, दिवा न लावता, नुसते त्याच्या खोलीत डोकावून ये. झोपलेला असेल तर तसाच परत ये. जागा असेल तर काही विचारू नकोस, शेजारी पड.

रविवारी तुला "कठोर" म्हणालो, तो शब्द मागे घेतो. तो तुला उद्देशून नव्हता. सूनबाईला आशीर्वाद सांग; तिने फोनवर मध्ये पडून विषय बदलला ते बरे केले. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे, जिना मात्र ती अजून टाळते.

तुझा,
बाबा

ता. क. : लंब्याचा डावा डोळा पुन्हा सैल झाला असेल, तर काळ्या दोऱ्याने, दोरा दुहेरी घेऊन शिवावा, धुऊ मात्र नये, असे आईने आतून सांगितले आहे. दोरा नसेल तर ती पाठवते. आणि रात्री तुमच्या खोलीचे दार तुम्ही उघडे ठेवता की लावून घेता, तेवढे कळव.